बाळंतविड्याची किंमत

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, ही आपल्याकडची रीत. ते जमले नाही तर माहेरून बाळंतविडा जावा, हीही रीतच. झबली, टोपडी, कुंच्या, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी, बाळंतिणीसाठी डिंक, खारीक, सुंठ, बाळंतशेपा आणि ओटीची साडी असे सगळे एका गाठोड्यात बांधले जाते. पूर्वी हे गाठोडे बैलगाडीने, पुढे एस.टी.ने जिंतूरहून मानवतला नाही तर मानवतहून गंगाखेडला जात असे. आमची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिचे दिवस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भरणार होते. आमचे गाठोडे विमानाने जाणार, एवढाच काय तो फरक, असे मी गेल्या ऑगस्टपर्यंत समजत होतो.

सेलूला आमचे किराणा आणि सुक्या मेव्याचे दुकान आहे. आजोबांनी सुरू केले, वडिलांनी वाढवले, आता मी आणि मुलगा पाहतो. जकात, विक्रीकर, व्हॅट आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी असे सगळे आम्ही पाहिले आणि भरले. कराची मला कधी भीती वाटली नाही. पण या एका पार्सलाने मला माझ्याच हस्ताक्षरात एक गोष्ट दाखवली, ती अजून मनातून जात नाही. पर्युषणात सर्वांची क्षमा मागितली, पण जे घडले ते कोणाला सांगितले नव्हते. आपल्या समाजातील पुष्कळ घरांतील मुले-मुली आता परदेशी आहेत आणि पुष्कळ घरांतून अशी पार्सले जातात, म्हणून ते येथे मांडत आहे.

बाळंतविड्याची तयारी आषाढातच सुरू झाली होती. माझ्या आईची दोन नऊवारी लुगडी सौभाग्यवतींनी जपून ठेवली होती, त्यांची चार दुपटी शिवली. लाडू पाठवायचे नाहीत हे आधीच ठरले. चातुर्मासात पिठाची मर्यादा तीन दिवसांची, आणि पार्सल पोचायला लागणार दोन-तीन आठवडे. तेव्हा लाडू नव्हे, लाडवांचे साहित्य पाठवायचे. डिंक, खारीक आणि सुंठ दुकानातलीच होती. बदामही दुकानातलाच; आणि आपल्या बाजारातला बहुतेक बदाम कॅलिफोर्नियाहून येतो, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. २०२५ मध्ये सालासकट बदामावर किलोमागे ३५ रुपये आयात शुल्क भरून तो मुंबईला उतरत होता आणि तेथून आमच्या मराठवाड्यात येत होता. तोच बदाम आम्ही पुन्हा अमेरिकेला पाठवायला निघालो होतो. मुलाने यावरून आईची थट्टाही केली. ती म्हणाली, "दुकानातला बदाम वेगळा आणि आईने निवडलेला वेगळा."

साडी मात्र तिने येवल्याहून आणवली होती. स्वतःच्या साठवणीतल्या पैशांची, साडेतेरा हजारांची पैठणी. बारशाला मुलीने तीच नेसावी, अशी तिची इच्छा. चांदीचे वाळे तेवढे बाजूला ठेवले. ते टपालाने पाठवायचे नव्हते, कोणी जाणारे भेटले तर त्यांच्याबरोबर द्यायचे होते.

सोमवार, २५ ऑगस्ट रोजी खोके घेऊन मी पोस्टात गेलो. खिडकीवरच्या साहेबांनी विचारले, "शेट, कुठं पाठवायचंय?" अमेरिका म्हणताच त्यांनी हातातले पेन खाली ठेवले. त्याच दिवसापासून अमेरिकेची पार्सले बंद झाली होती. केवळ पत्रे, कागदपत्रे आणि शंभर डॉलरपर्यंतची भेट तेवढी घ्यायची, असा निरोप आला होता.

असे का झाले, ते मला नंतर वाचून कळले. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या लहान किमतीच्या पार्सलावर जकात न घेण्याची सवलत १९३८ पासून होती. तिची मर्यादा २०१६ मध्ये २०० डॉलरवरून ८०० डॉलरवर गेली. चार-पाचशे डॉलरच्या पार्सलावर जकात वसूल करण्याचा खर्चच जकातीपेक्षा जास्त, असा त्यामागचा साधा हिशोब होता. पुढे ऑनलाइन खरेदी वाढली आणि २०२४ या आर्थिक वर्षात अशी सुमारे १३६ कोटी पार्सले अमेरिकेत उतरली. त्यांतला मोठा भाग चीनच्या स्वस्त मालाचा होता. तेथील दुकानदारांची तक्रार होती की आम्ही जकात भरून माल आणतो आणि हे बिनजकातीचे विकतात. अमली पदार्थही याच वाटेने येतात, असे सरकारचे म्हणणे होते. २ मे २०२५ पासून चीन व हाँगकाँगच्या मालाची सवलत गेली. ३० जुलै रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला आणि २९ ऑगस्टपासून ती सर्व देशांसाठी संपली. दुकानदाराच्या खुर्चीत बसून पाहिले, तर त्या तक्रारीत मला काही खोटे दिसत नाही. आपणही इथे तशीच तक्रार करतो.

पण त्याच महिन्यात दुसरी गोष्ट घडली. भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियाकडून तेल घेण्याचे कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, असा एकूण ५० टक्के कर बसला. म्हणजे सवलत गेली, ती कर सर्वांत जड असताना गेली. हा कर टपालातून कसा वसूल करायचा, कोणी गोळा करायचा आणि अमेरिकेच्या खजिन्यात कोणी भरायचा, याची व्यवस्था मात्र लागलेली नव्हती. विमान कंपन्यांनी तयारी नसल्याचे सांगून टपाल उचलण्यास असमर्थता दाखवली. टपाल खात्याने २३ ऑगस्टला जाहीर करून २५ पासून नोंदणी थांबवली. अशी वेळ एकट्या भारतावर आली नव्हती. जागतिक टपाल संघ ही देशोदेशीच्या टपालखात्यांची संघटना १८७४ मध्ये बर्न येथे स्थापन झाली, भारत तिच्यात १८७६ पासून आहे. तिच्या सांगण्यानुसार ८८ टपाल संस्थांनी अमेरिकेची सेवा पूर्णतः किंवा अंशतः थांबवली आणि २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारे टपाल आठवड्यापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घटले.

त्या सोमवारी खिडकीपाशी यातले काहीच मला ठाऊक नव्हते. साहेब भले होते. त्यांनी माझी यादी पाहिली. बाळाचे कपडे १,९०० रुपये, मेवा व औषधी साहित्य ३,४०० रुपये, साडी १३,५००. दुपट्यांपुढे मी किंमत लिहिलीच नव्हती. "इथं आकडा लागतो, शेट," ते म्हणाले. आईच्या लुगड्याच्या दुपट्याला काय किंमत लिहावी? बाजारात कोणी दहा रुपये देणार नाही, आणि मी दहा हजारांना ते विकणार नाही. शेवटी प्रत्येकी २०० प्रमाणे ८०० लिहिले. एकूण १९,६०० झाले. शंभर डॉलर म्हणजे तेव्हा पावणेनऊ हजारांच्या आसपास. साहेब म्हणाले, "साडी काढून ठेवा. बाकीचं सहा हजार शंभरचं होतंय. ते भेट म्हणून घेतो. पण मुंबईहून पुढं कधी जाईल, हे नाही सांगता येणार."

सल्ला सरळ होता. मी तो ऐकला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. पण साडी काढून खोके पाठवले, हे घरी कसे सांगायचे? मी खोके परत घेऊन आलो. "दोन दिवसांत काहीतरी ठरेल," म्हणालो. व्यापाऱ्याला वाट पाहण्याची सवय असते. भाव उतरला की माल धरून ठेवायचा, चढला की काढायचा. तोच हिशोब मी येथे लावला आणि तो चुकला.

शनिवारी, ३० ऑगस्टला, परभणीला काम होते. तेथे एका कुरियर एजंटाकडे गेलो. त्याचे दुकान माणसांनी भरले होते. सगळ्यांच्याच हातात खोकी. त्याने माझी यादी वाचली आणि हसून बाजूला सारली. "काका, एवढं खरं लिहायचं नसतं. भेट लिहा, सुती कपडे आणि खाऊ, नव्वद डॉलर. साडी मध्ये घडी घालून ठेवतो. कोण उघडून बघतंय?" मी म्हणालो, "आणि उघडलं तर?" तो म्हणाला, "तर साडीवर काय किंमत छापलीय का?"

मी त्याचे पत्रक भरले. नव्वद डॉलर लिहिले आणि खाली सही केली. त्या वेळी मला काही फारसे वाटलेही नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मनात एवढेच होते की हा कर अन्यायाचा आहे. रशियाच्या तेलाचा दंड माझ्या नातवंडाच्या दुपट्यावर कशाला? शिवाय ते सरकार माझे नाही, त्याला मी मत दिलेले नाही. घरी आल्यावर सौभाग्यवतींना सांगितले, त्या समाधानाने म्हणाल्या, "बरं केलंत. बाळाला काय जकात नाक्यावर उभं करायचं होतं?" दुसऱ्या दिवशी, ३१ तारखेला, पत्रे आणि भेटींसह अमेरिकेचे सगळेच टपाल थांबल्याची बातमी आली, तेव्हा तर मी स्वतःला हुशार समजलो.

दशलक्षण पर्व २८ ऑगस्टपासून सुरू झाले होते. ३० तारखेचा दिवस उत्तम आर्जवाचा होता. आर्जव म्हणजे सरळपणा. मनात, बोलण्यात आणि करण्यात एकच असणे. सकाळी मंदिरात त्याच धर्मावर प्रवचन ऐकून मी परभणीची गाडी पकडली होती. पण हे त्या दिवशी लक्षात आले नाही. लक्षात आले बुधवारी, ३ सप्टेंबरला. दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय वाचले जातात, सातव्या दिवशी सातवा अध्याय. त्यात व्रतांचे आणि त्यांच्या अतिचारांचे विवेचन आहे. अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार पंडितजी सांगत होते. चोरीला उत्तेजन देणे, चोरीचा माल घेणे, विरुद्धराज्यातिक्रम, कमी-जास्त मापे ठेवणे आणि भेसळ किंवा नकली माल खरा म्हणून देणे.

ही यादी मी लहानपणापासून ऐकत आलो. मापाचा आणि भेसळीचा अतिचार किराणा दुकानदाराला चांगला पाठ असतो. वडिलांनी तराजूचा काटा दाखवून तो शिकवला होता. मधला तिसरा अतिचार मात्र नेहमी नुसता कानावरून गेला. पंडितजी म्हणाले की राज्यामर्यादेचे उल्लंघन करून व्यवहार करणे, हा त्याचा गाभा. आजच्या भाषेत जकात चुकवणे, खोटी किंमत दाखवणे हे त्यातच आले. पंधरा वर्षांपूर्वी जिंतूरजवळच्या नेमगिरी क्षेत्रावर मी पाच अणुव्रते घेतली आहेत. त्या क्षणी मला माझी सही डोळ्यांसमोर दिसली.

प्रवचनानंतर मी पंडितजींना गाठले. नाव-गाव न सांगता विचारले, कायदाच अन्यायाचा असेल, शिवाय दुसऱ्या देशाचा असेल, तर? त्यांनी उलट विचारले, "पत्रकावर सही कोणाची आहे?" मी गप्प राहिलो. मग ते म्हणाले, "कर न पटणे वेगळे. न पटला तर माल पाठवू नका, थांबा, तक्रार करा. पण खोटे लिहून पाठवले, तर कर त्यांचा चुकतो आणि व्रत तुमचे."

घरी येताना आजोबांची आठवण झाली. आमचा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे नाणे वेगळे, टपालाची तिकिटे वेगळी आणि जकातही वेगळी. जकात खात्याला करोडगिरी म्हणत. मनमाडहून रेल्वेने सेलूला येणारा मुंबईचा माल म्हणजे त्या काळी परराज्यातला माल, त्यावर करोडगिरी द्यावी लागे. आमच्या जुन्या वह्यांत 'करोडगिरी' असे वेगळे खाते आहे. वडील सांगत की काही व्यापारी गठ्ठ्यांत वरचेवर हलका माल ठेवून आत भारी कापड आणत. आजोबांनाही तसे सुचवले गेले होते. निजामाच्या राजवटीविषयी त्यांना काडीचे प्रेम नव्हते. तरी ते म्हणत, "करोडगिरी खर्ची पडते, भावात धरता येते. खोटं कुठल्या खात्यावर टाकू?" लहानपणी मला हा त्यांचा विनोद वाटे.

दुसऱ्या दिवशी एजंटाला फोन केला. खोके अजून मुंबईतच होते. टपाल बंद पडल्याने सगळी गर्दी कुरियरकडे लोटली होती. मी ते परत मागितले. त्याला आधी वाटले, मी दुसरीकडून स्वस्त दर आणला आहे. कारण सांगितल्यावर तो काही वेळ बोललाच नाही, मग म्हणाला, "काका, तुमच्यासारखे असतील तर आमचं दुकान बंद." खोके परत यायला नऊ दिवस लागले. येण्या-जाण्याचे भाडे गेले ते गेलेच.

घरी काय झाले ते थोडक्यात सांगतो. सौभाग्यवती रागावल्या नाहीत, पण चार दिवस कामापुरतेच बोलल्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "व्रत तुमचं आहे. बारसं माझ्या मुलीचं आहे." याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. आमच्याच गल्लीतल्या एका कुटुंबाने त्याच आठवड्यात तशाच रीतीने खोके पाठवले होते. ते बाराव्या दिवशी बिनबोभाट पोचले. हेही मुद्दाम लिहितो, कारण खरे लिहिले म्हणून माझे काही भले झाले, असा समज कोणी करून घेऊ नये. तसे काही झाले नाही.

याच दिवसांत जिंतूरची माझी पुतणी आली होती. ती शास्त्रांची वेष्टने आणि पूजेच्या कापडी पिशव्या शिवून घेते. सहा बायकांना त्यातून काम मिळते. अमेरिकेतल्या जैन कुटुंबांकडून तिला बरी मागणी होती. टपाल खात्याने देशभरात हजाराहून अधिक डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत, त्या सोयीमुळे लहान गावातूनही निर्यातीची कागदपत्रे पोस्टातच होतात. तिचा माल चाळीस डॉलरच्या आतबाहेरचा. आधी बिनजकातीचा जात असे. तेव्हा चाळीस डॉलरच्या वेष्टनावर वीस डॉलर कर बसू लागला. काही ग्राहकांनीच तिला कळवले की भेट म्हणून पाठव. ती मला म्हणाली, "काका, तुमचं एक खोकं आहे. माझी सोळा बांधून पडलीत. विकलेल्या मालावर भेट लिहायचं, तर रोजच लिहावं लागेल." तिने अमेरिकेच्या मागण्या थांबवल्या आणि सहापैकी दोघींचे काम काही काळ बंद ठेवले. मी माझ्या नऊ दिवसांच्या दुःखाचे प्रदर्शन तिच्यासमोर केले, याची मला नंतर लाज वाटली.

आणि आमच्या पेठेत तिसरीच चर्चा चालू होती. अमेरिकी कराचा फटका बसलेल्या कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. सेलू-मानवतच्या जिनिंगवाल्यांना आणि त्यांच्याहून अधिक शेतकऱ्यांना नव्या कापसाच्या भावाची चिंता लागली. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. बाजारात तेवढा मिळेल की नाही, हा प्रश्न. त्यातच सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी पिके पाण्यात गेली. एका देशाने दार लावले म्हणून दुसऱ्याने आपले उघडले, आणि दोन्ही वेळा वाऱ्यात सापडला तो आमच्याकडचा माणूस. पोस्टाच्या खिडकीवरचे माझे खोके आणि शेतातला कापूस यांचा संबंध असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

२ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी, मुलीला मुलगी झाली. तेराव्या दिवशी बारसे झाले. आम्ही ते फोनवर पाहिले. बाळ दवाखान्यातून मिळालेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेले होते. सौभाग्यवतींनी ते पाहिले आणि काही बोलल्या नाहीत. बारशाच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, टपाल खात्याने अमेरिकेची सेवा पुन्हा सुरू केली. एका दिवसाचे अंतर!

नवी पद्धत अशी होती. पूर्वी जकात लागलीच तर पार्सल पोचल्यावर घेणारा ती भरत असे. आता ती पाठवणाऱ्याकडून नोंदणीच्या वेळीच घेतली जाते आणि अमेरिकी सीमाशुल्क खात्याने मान्य केलेल्या मध्यस्थांमार्फत तिकडे भरली जाते. २०२५ मध्ये भारतातून टपालाने जाणाऱ्या मालाला ती जाहीर किमतीच्या सरसकट ५० टक्के होती. वस्तूनिहाय निराळी जकात टपालाला नव्हती, ती कुरियर आणि व्यापारी मालाला लागत होती. शंभर डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटीला मात्र पूर्वीप्रमाणेच माफी. पुतणीसाठी ही व्यवस्था एका परीने सोयीची झाली. कर जड होता, पण किती ते आधी कळत होते, भावात धरता येत होते आणि ग्राहकाला दारात अनपेक्षित बिल येत नव्हते. डिसेंबरात तिने अमेरिकेच्या मागण्या पुन्हा थोड्या थोड्या घेण्यास सुरुवात केली आहे. दोघींपैकी एक कामावर परतली.

आम्ही खोके पुन्हा उघडले. बदाम आणि खारीक नवी भरली, कारण जुन्यांचे दिवस झाले होते. सौभाग्यवतींनी स्वतःच्या हाताने पैठणी बाहेर काढली. मी म्हणालो, "राहू दे. पूर्ण किंमत लिहू, कर भरू." १९,६०० वर ९,८०० रुपये झाले असते. त्या म्हणाल्या, "बारसं झालं. आता घाई कशाची? आपण जाऊ तेव्हा नेऊ." पोस्टातल्या साहेबांनी तीच यादी पुन्हा वाचली, साडीची ओळ नसलेली. ६,१०० रुपये. भेट. मी सही केली. दुपट्यांपुढे या वेळीही ८०० च लिहिले.

पार्सल नोव्हेंबरात पोचले. मुलीचा फोन आला. तिला सगळी हकिकत सांगितली. तिला राग येईल असे वाटले होते. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही नव्वद लिहिलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं. पण दुपटं बारशाला हवं होतं." मग थोडे थांबून म्हणाली, "पहिल्या दिवशीच साडी काढायची होती." खरे बोलली. दोष नियमांचा होता, तसा माझाही होता. खरे लिहून साधणारे होते तेव्हा मी साडीच्या मोहाने थांबलो, आणि थांबल्यानंतर खोटे लिहिण्याची घाई केली.

परदेशी पार्सल पाठवणाऱ्या घरांसाठी, अनुभवातून, चार गोष्टी सांगून पुरे करतो. पाठवण्याच्या दिवशीच पोस्टात जाऊन त्या देशाचा चालू नियम विचारावा. महिन्यापूर्वी गेलेल्या शेजाऱ्याचा अनुभव उपयोगी पडत नाही. माझा हा मजकूरही मार्गशीर्षातला आहे. अंक आपल्या हाती येईपर्यंत यातले काही बदललेले असू शकेल. यादीत प्रत्येक वस्तू वेगळी लिहावी, खरेदीची पावती जोडावी. भेट ती भेट आणि विक्री ती विक्री. विकलेला माल भेट होत नाही. आणि ज्या वस्तूला दिवसाची गरज आहे, ती सणाच्या किंवा बारशाच्या तोंडावर न पाठवता दोन महिने आधी पाठवावी. मौल्यवान वस्तू मागे राहिली तर राहू द्यावी. हे शेवटचे मी फार उशिरा शिकलो.

पैठणी कपाटात आहे. उन्हाळ्यात जाण्याचा विचार आहे. तेव्हा विमानतळावर पुन्हा एक पत्रक भरावे लागेल, त्यातही किंमत विचारतील. या वेळी आकडा कोणी सुचवण्याआधीच मी तो वहीत लिहून ठेवला आहे.

लिहिण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास क्षमा असावी. जय जिनेंद्र.